सदतीस नंबरचा खांब

"खांब गेला, सावली राहिली," हातानाका म्हणाला. कानामेचा वरिष्ठ; तो त्याच्या खुर्चीमागे उभा होता.

संगणकाच्या पडद्यावर एका चित्रपटातला ओनोसे गावचा दगडी चढ होता. चढावरून नवरीची पालखी वर येत होती. गोष्ट तीनशे वर्षांपूर्वीची. चित्रीकरण मात्र गेल्या वर्षीचं, त्यामुळे चढाच्या कडेला विजेचे नऊ खांब आणि त्यांच्या तारा होत्या. ते सगळं पुसून टाकणं हे कानामेचं काम. तुकडा अकरा सेकंदांचा, म्हणजे दोनशे चौसष्ट चित्रं. आणि प्रत्येक चित्रात खांबामागची भिंत, झाडं, आकाश नव्याने रंगवायचं. आठ खांब पूर्ण गेले होते. नवव्याची सावली भिंतीवर तिरपी पडली होती.

"तुझ्या हातून सावली राहील?" हातानाका म्हणाला. "सात वर्षं बघतोय मी तुला. झोपेत काम करतोस तरी राहत नाही."

"राहिली नाही, हातानाकासान. ठेवलीय."

मग कानामेने सांगितलं. तो ओनोसेचाच. त्याचे वडील वीज कंपनीत तारा ओढणारे कामगार होते. सदतीस नंबरचा हा खांब त्यांनी आणि तोकुजी नावाच्या त्यांच्या जोडीदाराने मिळून उभा केला. एकतीस वर्षांपूर्वी एका वादळानंतर दुरुस्तीला चढलेला तोकुजी त्यावरून पडला आणि गेला. तेव्हापासून दर नोव्हेंबरच्या नऊ तारखेला वडील खांबाच्या बुडाशी पेलाभर साके, तांदळाची दारू, ओततात. आता गावाने तारा जमिनीखालून न्यायचं ठरवलं होतं. वसंतात खांब निघणार होता.

हातानाकाने वाकून ती सावली पुन्हा पाहिली. मग म्हणाला, "वाईट वाटतं रे. पण काढ."

कानामेने सावली काढली. भिंतीवर ऊन पसरवलं, उन्हात शेवाळाची हिरवी कड रंगवली. काम चोख झालं. कुणाच्या काही लक्षात आलं नाही, आणि या धंद्यात कौतुक म्हणतात ते एवढंच.

रविवारी त्याने वडिलांना फोन केला.

"कोपऱ्यात तरी दिसेल ना?" वडिलांनी विचारलं. "तेवढा एक राहू दे म्हटलं होतं मी."

"नाही दिसणार, बाबा. त्या काळी वीज नव्हती."

"पिक्चरला आलेला माणूस नवरी सोडून खांब मोजत बसणारे का?"

"एक जरी दिसला ना, तर नवरी कुणी बघणार नाही."

मग वडील म्हणाले, "आम्ही जन्मभर उभं केलं. तू पुसतोस. बरं आहे, पोट भरतंय ना?" आणि फोन ठेवला. त्यानंतर सात महिने त्यांनी फोन घेतला नाही. वसंतात खांब निघाला तेही कानामेला आईकडून कळलं.

ऑक्टोबरात ओनोसेच्या सभागृहात चित्रपट दाखवला. गाव लोटलं होतं. वडील तिसऱ्या रांगेत, शेजारी तोकुजीची बायको फुसाए. कानामे त्यांच्या मागे बसला. चढ आला, पालखी वर गेली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. वडिलांची मान हलली नाही. शेवटी नावं सुरू झाली तरी तिथल्या रीतीप्रमाणे कुणी उठलं नाही. कानामेचं नाव नव्हतं. त्याच्या कंपनीचं होतं, एका ओळीत.

दिवे लागल्यावर फुसाए मागे वळली. "तूच ना रे तो, कॉम्प्युटरवर काम करणारा? यात तू काय केलंस?"

कानामेने वडिलांकडे पाहिलं. वडील टोपीची कड चाचपत होते.

"खांब काढले, काकू. चढावरचे. सगळे."

फुसाए थोडा वेळ रिकाम्या पडद्याकडे बघत राहिली. "आमचे हे गेल्यापासून मी त्या चढाने गेले नाही," ती म्हणाली. "बाजाराला जायचं तरी नदीकडून वळसा घालते. आज इतक्या वर्षांनी बघितला. " ती वडिलांकडे वळली. "चांगला चढ आहे हो, कुरामोचीसान. मी विसरूनच गेले होते."

वडिलांचा टोपीवरचा हात थांबला.

"आज तिकडून जाऊ या का?" ती म्हणाली. "पण सोबतीला चला तुम्ही."

दुपार कलली होती. दोघं पुढे, कानामे चार पावलं मागे. फुसाए भिंतींकडे, झाडांकडे बघत सावकाश चढत होती. एका दारातल्या म्हातारीने नमस्कार केला, फुसाएनेही केला. "हे पर्सिमॉनचं झाड केवढंसं होतं," ती म्हणाली.

भिंतीच्या वळणावर दगडी फरसबंदीत, खांबाचा खड्डा बुजवलेला, हातभर रुंदीचा सिमेंटचा गोल होता, अजून पांढरा. वडिलांना तो दुरूनच दिसला. कानामेलाही दिसला. फुसाएची नजर झाडावर होती.

वडील थांबले नाहीत. बोलण्यात तिला गुंतवत, त्याच चालीने, ते त्या गोलावर पाय ठेवून पुढे गेले.