वाढू दिलेलं गवत

"हे यंत्र शनिवारपर्यंत शेडच्या बाहेर दिसायला नको," फ्रेझर मोवॅट म्हणाला.

डॉड बर्नीनं गवत कापायच्या यंत्राच्या मुठीवरचा हात काढला नाही. सोमवारची सकाळ होती. समुद्राकडून वारा येत होता आणि गवत नुकतंच वाळलं होतं. कापायला याहून चांगली वेळ एप्रिलात मिळत नाही.

"शनिवारपर्यंत म्हणजे पाच दिवस," डॉड म्हणाला.

"मला मोजता येतं, डॉड. आणि पाणी मारायचं नाही. एक थेंबसुद्धा नाही."

"पिवळं पडेल."

"पडू दे. तुमचा गालिचा नकोय मला, गायरान हवंय. नियमात बसेल तेवढं उंच आणि खडखडीत कोरडं. त्यांचा चेंडू सुटला की निम्म्या वाटेत बसला पाहिजे."

फ्रेझर हा इन्व्हरगार्वीच्या संघाचा प्रशिक्षक. एक्केचाळीस वर्षांचा, झोप कमी झालेला माणूस. शनिवारी ग्लासगोचा संघ येणार होता. ग्लासगोच्या त्या दोन बड्या संघांपैकीच एक. गेली कित्येक वर्षं स्कॉटलंडची फुटबॉल लीग त्यांनी आपापसात वाटून घेतली होती. शनिवारचा सामना तेहतिसावा, आणि त्यानंतर लीगचे दोन तुकडे होतात. वरच्या सहा संघांना खालच्या दर्जात ढकललं जाण्याची भीती उरत नाही. खालच्या सहांची मे महिन्यापर्यंत झोप उडते. गार्वीला वरच्या सहात यायला एक गुण हवा होता. सामना बरोबरीत सुटला तरी पुरे. पण ग्लासगोवाल्यांनी या मोसमात गार्वीला दोनदा हरवलं होतं. एकदा पाच गोलांनी, एकदा चार.

"कळलं ना?" फ्रेझरनं विचारलं.

"कळलं," डॉड म्हणाला आणि यंत्र मागे वळवलं.

फ्रेझरला एक गोष्ट ठाऊक नव्हती. शनिवारी आणखी एक पाहुणा येणार होता, आणि तो मॅच बघायला येणार नव्हता.

दक्षिणेतल्या एका मोठ्या इंग्लिश क्लबाला आपल्या मैदानासाठी मुख्य माणूस हवा होता. डॉडनं फेब्रुवारीत अर्ज केला होता आणि बायको विल्माखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. नावांची यादी कमी होत होत तीनवर आली. त्या क्लबाचं मैदान आत्तापर्यंत बघणारा हॅलम नावाचा माणूस तिघांची मैदानं स्वतः बघून सोमवारच्या बैठकीत आपलं मत देणार होता. डॉडच्या वाट्याला शनिवार आला होता.

डॉड एकोणसाठ वर्षांचा होता. सत्तावीस वर्षं त्यानं हे एकच मैदान सांभाळलं होतं. खारं वारं, गल पक्षी, उत्तरेच्या गोलपुढे चार महिने पडणारी स्टँडची सावली, या सगळ्यांशी भांडून त्यानं ते असं ठेवलं होतं की पाहुणे संघ बसमधून उतरून आधी खाली वाकून गवताला हात लावायचे. लहान मैदानांसाठीचं बक्षीस त्याला चार वेळा मिळालं होतं.

बुधवारी दुपारी तो नेटाच्या टपरीत चहाला गेला. नेटा मॅचच्या दिवशी खिम्याच्या गरम पाई विकायची आणि इतर दिवशी टपरी घासायची. रेडिओ सुरू होता. आठवडाभर एकच विषय चालला होता: ग्लासगोचे दोघे उद्या इंग्लंडच्या लीगमध्ये गेले तर टिकतील का? एक माणूस फोनवरून ओरडून सांगत होता की पहिल्या चारात येतील. दुसऱ्यानं त्याला विचारलं, डॉक्टरकडे शेवटचा कधी गेला होतास.

"तुला काय वाटतं रे?" नेटानं विचारलं. "टिकतील?"

"दहावे-बारावे येतील."

"कुठले येताहेत! इथे आपल्यासारख्यांना चार-चार गोल मारायचे आणि मिशांना पीळ द्यायचा. तिकडे दर शनिवारी समोर तोडीस तोड. नाताळापर्यंत आईची आठवण येईल."

"समोर चांगला माणूस असला की आपणही सुधारतो, नेटा."

"नाहीतर घरी येतो." तिनं फडका पिळला. "तुझंही तसंच म्हणा. चार बक्षिसं! स्पर्धेत होतं कोण? दोघांकडे प्लॅस्टिकचं गवत, आणि एकाच्या मैदानात मार्चपर्यंत बदकं पोहतात. त्यांच्यात पहिला आलास, मोठा पराक्रम केलास!"

ती हसली. डॉडही हसला. मग चहा अर्धा ठेवून तो बाहेर आला, कठड्याला टेकला आणि आपल्या मैदानाकडे बघत राहिला. नेटा काही नवीन बोलली नव्हती. चौथं बक्षीस घेताना टाळ्या सुरू असतानाच त्याच्या मनात हेच आलं होतं. आपण खरंच चांगले आहोत, की आपल्यासमोर कुणी नाही म्हणून चांगले आहोत? अर्ज त्यानं त्यासाठीच केला होता. नोकरी हवी होती, पण त्याहून जास्त उत्तर हवं होतं.

गवत आता बुटाच्या लेसपर्यंत आलं होतं. यंत्रानं उमटवलेले फिके-गडद पट्टे मिटले होते.

"त्या हॅलमला फोन कर," रात्रीच्या जेवणाला विल्मा म्हणाली. ताटात हॅडक मासा होता आणि खिडकीबाहेर अजून चांगला उजेड होता. "खरं काय ते सांग."

"काय सांगू? समोरचे आमच्याहून चांगले आहेत, म्हणून मी मैदान बिघडवतोय?"

"असंच सांग."

"आणि ते बाहेर फुटलं तर? ग्लासगोवाल्यांना आधीच कळलं तर? फ्रेझरनं खेळाडूंनासुद्धा अजून सांगितलेलं नाही."

"मग शुक्रवारी संध्याकाळी कापून टाक. फ्रेझर काय करणार? काढणार तुला? तू तर जायच्याच तयारीत आहेस."

डॉडनं माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. हा विचार त्याच्या मनात सोमवारीच येऊन गेला होता.

"वीस वर्षं ऐकतेय मी," विल्मा म्हणाली. "मी तिकडे असतो तर, मी तिकडे असतो तर. या वेळी जा बाबा एकदाचा. नाही जमलं तर परत ये. पण अंथरुणात पडल्या पडल्या छताला विचारत बसू नकोस."

शनिवारी तो साडेपाचला मैदानावर पोचला. दव पडलं होतं. एवढं की सगळं मैदान करडं दिसत होतं आणि बुटांमागे हिरवी वाट उमटत होती. त्यानं शेड उघडली. यंत्र दाराशीच होतं. टाकी भरलेली होती. ती त्यानं शुक्रवारी भरली होती, का ते स्वतःला न विचारता. आत्ता सुरू केलं असतं तर आठ वाजेपर्यंत अर्धं मैदान झालं असतं, आणि फ्रेझर दहाशिवाय येत नसे.

तो यंत्रापाशी बराच वेळ उभा राहिला. मग बाजूने आत गेला आणि मागच्या खिळ्यावरचा जाड दोर काढला.

दव झटकायचा दोर होता तो. एक टोक कडेला खुंटीला बांधायचं, दुसरं धरून मैदानभर ओढत जायचं. दोर गवतावरून सरकतो आणि पाणी खाली पडतं, पातं कोरडं होतं. फ्रेझरनं हे सांगितलं नव्हतं. फ्रेझरला असं काही असतं हेही माहीत नव्हतं. पण दव तसंच राहिलं तर दुपारपर्यंत मुळाशी ओल धरून ठेवतं आणि चेंडू सरकतो, हे डॉडला माहीत होतं. मैदान खराब करायचंच तर अर्धवट करण्यात अर्थ नव्हता. त्यानं दोर तीनदा फिरवला. उन्हं आल्यावर कोपरे हातानं चाचपून पाहिले आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात, जिथून ग्लासगोचा डावीकडून खेळणारा पोरगा वाऱ्यासारखा सुटायचा, तिथे चौथ्यांदा फिरवला.

सामना बघताना डॉड नेहमी गवताकडे बघायचा. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं चेंडूकडे बघितलं. ग्लासगोवाल्यांचे पास सुटत होते झोकात आणि वाटेत थकत होते. त्यांचे खेळाडू पायाखाली बघत होते, एकमेकांवर खेकसत होते. "लापशीत खेळवताय का रे!" पाहुण्यांच्या स्टँडमधून कुणीतरी बोंबललं, आणि गार्वीच्या लोकांनी लगेच चमचा चाटल्याचे आवाज काढले. बासष्टाव्या मिनिटाला ग्लासगोच्या बचावपटूनं आपल्या गोलरक्षकाकडे साधा चेंडू ढकलला. तो चार पावलं आधी थांबला. गार्वीचा नऊ नंबर तिथे पोचला, आणि मग पाच हजार माणसं एकाच वेळी उठली.

ग्लासगोवाल्यांनी सत्त्याऐंशीव्या मिनिटाला बरोबरी साधली. चेंडू जमिनीवर नव्हताच. तीसएक पावलांवरून हवेतूनच मारला होता. असा गोल कुठल्याही गवतावर होतो, डॉडला वाटलं, आणि त्यानं मनातल्या मनात त्या पोराला टोपी काढली. पुढची सात मिनिटं कुणी बसलं नाही. शिट्टी वाजली तेव्हा एक-एकच होतं. फ्रेझर गुडघ्यांवर बसला होता. नेटा टपरी उघडी टाकून कुणाच्या तरी आजोबांना मिठी मारत होती.

गर्दी मैदानावर आली आणि तासाभरानं वेशीपलीकडच्या पबांकडे सरकली. कडेला एक माणूस उरला. साठीचा, करडा कोट, चकचकीत बूट. तो उकिडवा बसला होता आणि बोटानं गवत विंचरत होता.

"बर्नी?" तो न उठता म्हणाला. "मी हॅलम."

"ओळखलं."

"यंत्र कधी लावलं होतंत?"

"गेल्या शनिवारी."

"आणि दवसुद्धा झटकलंय." हॅलमनं वर बघितलं. "कुणी सांगितलं होतं?"

फ्रेझरचं नाव डॉडच्या ओठांवर आलं. ते घेतलं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

"मैदान माझं आहे," तो म्हणाला.

हॅलम उठला. गुडघे वाजले. "सगळीकडे सारखंच वाढलंय. सावलीतसुद्धा. हे सोपं नसतं, मला माहिताय. पण सोमवारी टेबलाभोवती सात माणसं असतात आणि त्यातल्या सहांनी जन्मात गवत कापलेलं नाही. त्यांना फोटो लागतो. याचा फोटो मी त्यांना दाखवू शकत नाही."

"नाही," डॉड म्हणाला. "नाहीच दाखवता येणार."

"मंगळवारी आलो असतो तर?"

"मंगळवारी पट्टे दिसले असते."

क्लबाच्या खोलीतून गाणं ऐकू येत होतं, बेसूर आणि खूश.

"आमच्याकडे अशी वेळ येत नाही असं वाटत असेल तुम्हाला," हॅलम म्हणाला. "वर्षातून चारदा येते. लीगमधले वरचे चार संघ आले की आमचा साहेब मला बोलावतो आणि दार लावून घेतो. मीही यंत्र शेडमध्ये ठेवतो."

"आणि?"

"दोन वेळा हरतो, एकदा बरोबरी."

"चौथ्यांदा?"

"चौथ्यांदा पाऊस पडतो."

डॉड मोठ्यानं हसला. तो आठवडाभरात असा हसला नव्हता. मग त्यानं भिंतीला टेकवलेला चार दातांचा काटा उचलला. सामन्यात उचकटलेलं गवत त्याच दिवशी बसवावं लागतं. वारं लागलं की मुळं मरतात. बैठक सोमवारी असो की कधीही, मैदान आज दुखावलं होतं.

"गाडी कितीची आहे?" त्यानं विचारलं.

"सात वाजता. आणखी एक काटा आहे?"

"बूट खराब होतील."

"होऊ देत."

डॉडनं शेडमधून दुसरा काटा आणून दिला. हॅलमनं कोट कठड्यावर टाकला, बाह्या वर केल्या आणि काही न विचारता उत्तरेच्या गोलकडे गेला, जिथे सावलीनं मुळं नाजूक झालेली होती. तिथूनच सुरुवात करायला हवी होती. डॉड दक्षिणेकडे वळला, पण दहा पावलांवर थांबला आणि मागे बघितलं.

हॅलमनं काटा तिरका खुपसला. उचलला नाही, बहुतेक जण उचलतात आणि खाली पोकळी राहते. त्यानं तो कडेनं आत दाबला, माती चारी बाजूंनी जवळ आणली, टाचेनं हलकेच बसवली आणि एक पाऊल डावीकडे सरकला. पुन्हा काटा तिरका. पुन्हा टाच.

डॉड थोडा वेळ बघत राहिला. मग तो आपल्या पहिल्या खड्ड्याशी वाकला, काटा तिरका धरला आणि कडेनं दाबला.