डावी डिस्क, उजवी डिस्क

पिंप्राळ्यातल्या रुपचंदनानांच्या गॅरेजात कुठलीही गाडी आली की आधी हितेंद्रला हाक पडायची. दहावीनंतर तो वडिलांच्या, म्हणजे नानांच्याच, हाताखाली लागला आणि तिथेच राहिला. मागच्या वर्षी धाकटी बहीण डिंपल डिप्लोमा करून, नाशिकची नोकरी सोडून घरी आली, गॅरेजात उभी राहू लागली, आणि हाक बदलली. आता नाना म्हणत, "डिंपलला दाखवा."

 तिने पुसून ठेवलेली हत्यारं हितेंद्र पुन्हा पुसू लागला.

त्या दिवशी पाचोऱ्याचा प्रेमराज गाडीला नव्या ब्रेक डिस्क बसवायला आला. त्याने त्या बाहेरून मागवल्या होत्या, पृष्ठभागावर तिरक्या खाचा कोरलेल्या. असलं काम गॅरेजात पहिल्यांदाच आलं होतं. हितेंद्रने हात पुढे केला, पण नानांनी खोकं डिंपलकडे सरकवलं. प्रेमराज म्हणाला, "पोरगी हुशार आहे तुमची." नाना हसले. ते हसू हितेंद्रच्या ओळखीचं होतं. त्याने पहिल्यांदा एकट्याने इंजिन बांधलं तेव्हा नाना असेच हसले होते.

डिंपल चहाला गेली तेव्हा त्याने वाकून पाहिलं. डिस्क बसवून झाल्या होत्या, चाकं चढवायची राहिली होती. टायरच्या नक्षीसारख्याच खाचाही एका ठरावीक दिशेने हव्यात, असा त्याचा हिशेब. या उलट दिसत होत्या. म्हणजे डावी डिस्क उजवीकडे गेली, उजवी डावीकडे. चुकली एकदाची.

तिला सांगायला हवं होतं. पण ट्रायलला ब्रेक आवाज करू दे, नानांना स्वतःच्या कानांनी ऐकू दे, असं ठरवून तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

दुपारी डिंपल आणि नाना ट्रायलला निघाले. "पाळधीपर्यंत जाऊन येतो," नाना म्हणाले. प्रेमराज खुर्ची ओढून बसला आणि डिंपलचं कौतुक करत राहिला. हितेंद्र मनात म्हणाला, येऊ दे त्यांना परत.

पण ते येईनात. उलट बसलेली डिस्क जास्त तापते, एवढं त्याने ऐकलं होतं. तापली की ब्रेक धरत नाही. हायवेला ट्रकांची रांग असते, आणि नाना पट्टा लावत नाहीत. त्याने डिंपलला फोन लावला. तिने उचलला नाही. परत लावला, तरी नाही. मग प्रेमराजला काही न सांगता त्याने बाईक काढली.

बांभोरीचा पूल ओलांडल्यावर गाडी कडेला उभी दिसली आणि त्याने बाईकचा वेग वाढवला. जवळ गेला तर नाना टपरीवर चहा पीत होते. डिंपल चाकाशी उकिडवी बसून डिस्क किती तापली ते बघत होती.

"डिस्क उलट्या बसल्यात," तो उतरता उतरताच म्हणाला.

"खाचांवरून म्हणतोस ना, दादा? आधी मलाही तसंच वाटलं," डिंपल म्हणाली. "पण खाचांवर जायचं नाही. डिस्कच्या आतली पाती बघायची. चाक पुढे फिरताना ती मागे झुकलेली हवीत, म्हणजे हवा बाहेर फेकली जाते. डिस्कवर डावी-उजवी कोरलेलंही आहे." मग ती थांबली. "पण तू कधी बघितलंस?"

"तू चहाला गेलीस तेव्हा."

नानांनी कप खाली ठेवला. "तवयच दिसनं व्हतं तुले? तरी आमले जाऊ दिधं?"

हितेंद्रला खोटं बोलता आलं नाही. "तुम्ही आता तिलाच हाक मारता," तो म्हणाला.

नानांनी टपरीवाल्याला चहाचे पैसे दिले. मग डिंपलला म्हणाले, "तू बाईक ले." आणि गाडीचं दार उघडून बसत हितेंद्रला म्हणाले, "चालव तू."

हितेंद्रने गाडी वळवली. पुलावर पुढचा ट्रक अचानक थांबला. त्याने ब्रेक दाबला. गाडी सरळ उभी राहिली, जराही आवाज नाही.

"चांगला लागस ना?" नानांनी विचारलं.

"हो."

"मंग तिले सांग."

गॅरेजात पोचल्यावर त्याने प्रेमराजसमोरच डिंपलला सांगितलं, "ब्रेक चांगला लागतो." प्रेमराज पुन्हा तिचं कौतुक करू लागला, आणि हितेंद्रच्या आत पुन्हा तेच टोचलं. या वेळी मात्र तो दुसऱ्या गाडीखाली शिरला नाही.