उजवा कौल

कुणाला चांगली दारू भेट द्यायची, तर त्याला कुठली आवडते एवढंच बघायचं असतं. माझ्या बाबांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी लागत होती. त्यांनी ती प्यायली तर माझी आई मरणार नाही ना? हसू नका. आमच्या घरात हे खरं धरतात.

आमचं घर गोव्यातल्या पेडण्यात, मोपाच्या कातळसड्याखाली. बाबा, म्हणजे सगुण परब, डिचोलीच्या खाणींवर ट्रक चालवायचे. मी पाळण्यात असताना एकदा ते तर्र होऊन आले आणि ट्रक सरळ तुळशीवृंदावनावर घातला. दुसऱ्या दिवशी आईने त्यांना रवळनाथाच्या देवळात नेऊन उभं केलं. हातात नारळ धरून बाबांनी शपथ घेतली, "ह्याफुडे एक थेंब जरी माझ्या तोंडात गेलो, तर माझ्या शेवंतीक घेवन जा."

शेवंती म्हणजे माझी आई. ती देवासमोरच कडाडली, "माझो जीव कित्याक टांगतास? स्वताच्या जिवार घेवा!"

"माझ्या जिवार घेतलंय तर उद्याच मोडतलंय," बाबा म्हणाले.

हा प्रसंग गावात अजून रंगवून सांगतात. पण त्या दिवसानंतर बाबांनी घोट घेतला नाही. लग्नात नाही, शिगम्यात नाही, काजूच्या फेणीचा हंगाम ऐन भरात असतानाही नाही. माझी आई भांडकुदळ आहे, बाबांनी तिला कधी साडी पसंत करून आणली नाही, दोघं गोड बोललेली मी ऐकलेली नाहीत. प्रेम म्हणून जे काही होतं ते ह्या न प्यायलेल्या दारूत होतं, असं मला वाटतं.

पुढे खाणीच्या कंपनीने बाबांना पाहुण्यांच्या गाडीवर घेतलं. एकदा त्यांनी पुराच्या पाण्यातून गाडी सुखरूप काढली, म्हणून एका जपानी पाहुण्याने खूश होऊन स्वतःच्या बाटलीतली दारू त्यांना ओतून दिली. बाबांनी ग्लास नाकाशी नेला आणि हात जोडून परत ठेवला. 'सिंगल माल्ट' हे दोन शब्द त्यांनी त्या दिवसापासून जपले. "धूर गो बाये," ते मला सांगायचे, "आणि सुक्या सुंगटांचो वास. इतक्या म्हागाची दारू, आणि वास सुंगटांचो!" सुंगटं म्हणजे आमच्याकडे कोळंबी.

यंदा बाबांच्या अन्ननळीत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, आता पथ्य नको, मागतील ते द्या. काय हवंय म्हणून मी विचारलं, तर बाबा भिंतीकडे बघत म्हणाले, "ती सिंगल माल्ट. गिळूची नाय, निसती जिभेर." मग लगेच म्हणाले, "मस्करी केलंय गो." ती मस्करी नव्हती. त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ती पहिली वस्तू होती, आणि ती मी त्यांच्या जिभेवर ठेवणारच होते.

माझं सासर साखळीला. तिथल्या मोठ्या दारूच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या स्वप्नीलने विचारलं, "प्रेझेंट? बॉसाक?"

"बापाशीक. सिंगल माल्ट. धूर आणि सुक्या सुंगटांचा वास येणारी."

त्याने मला नीट न्याहाळलं. "मॅडम, सुंगटां फुडल्या दुकानात."

मी तशी डोक्याने तापटच. म्हटलं, थट्टा नको, माझ्याकडे वेळ नाही. मग तो जरा वरमला आणि एकेक खोका काढू लागला. ही मधासारखी, ही मनुकांसारखी, ही आपल्या गोव्यातच केलेली, साहेबलोक हीच नेतात. मी प्रत्येकीला नाही म्हणत गेले. शेवटी त्याला काहीतरी आठवलं. स्कॉटलंडच्या एका बेटावर दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर धान्य सुकवतात, म्हणाला. दुकानामागे बार होता. तिथली उघडी बाटली आणून त्याने तिचं बूच माझ्या नाकाखाली धरलं. पावसाळी चुलीचा धूर, आणि त्याच्या मागे खरोखरच पावसाआधी आगोटीला भरून ठेवलेल्या सुक्या मासळीचा डबा उघडल्यासारखा वास. मला तिथेच रडू आलं.

"सोनेरी कागदात बांधू? वर रिबन?" त्याने विचारलं.

"काय नको. तशीच दे."

बाटली बघून आई आकांडतांडव करील अशी माझी खात्री होती. तिने ती उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाली, "शपथ देवासमोर घेतली, ती देवाकडसूनच सोडवन घेवक होयी. फाल्या कौल लावन येतंय."

आमच्याकडे गुरव देवाच्या मूर्तीला ओल्या फुलाच्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव हो म्हणाला. डावीकडची पडली तर नाही.

सकाळी आई नारळ घेऊन देवळात गेली. बाबा बाहेर ओसरीवर बसले होते. पोदेर सायकलचा भोंपू वाजवत पाव घेऊन आला, नेहमीसारखा त्यांच्याशी काहीबाही बोलून गेला. मी आत पेज ढवळत होते. थोड्या वेळाने आई धापा टाकत आली आणि अंगणातूनच ओरडली, "उजवो! देवान उजवो दिल्यान!"

मी धावत ग्लास आणला. बाटली उघडली, चमचाभर ओतली. बाबांनी ग्लास नाकाशी धरला आणि डोळे मिटले. कितीतरी वेळ ते नुसते वास घेत होते. "तोच," ते म्हणाले. "तोच गो बाये." मग त्यांनी ग्लास खाली ठेवला. "आता नको. गळो दुखता."

आई पुटपुटत चुलीकडे गेली, तशी बाबांनी मला जवळ बोलावलं. "विठ्ठल गुरवाचो चुलतो काल गेलो. पोदेर आताच सांगान गेलो."

आमच्या देवळात कौल लावायचा तो विठ्ठल गुरवाच्याच हाताने, आणि सुतक असलं की तो मूर्तीला हात लावत नाही. कौल झालाच नव्हता. आई बंद गाभाऱ्यासमोरून परत आली होती आणि वाटेत तिने स्वतःच्या जिवाचं काय ते ठरवून टाकलं होतं.

"बाबा, घ्या हो," मी म्हटलं. "असलं काही नसतं. देव असा कुणाला नेतो का?"

"नसात. पण माका पटता." मग ते म्हणाले, "तिका सांगा नको. वायट वाटात तिका."

मला दोघांचाही भयंकर राग आला. जन्मभर भांडलात, आणि आता हे? पण आईला मी काही सांगितलं नाही. बाटली औषधांच्या शेजारी उभी राहिली. आई रोज म्हणायची, "घेवा थोडी. कौल दिल्यान मा देवान." आणि बाबा रोज नवं कारण काढायचे. मळमळता. नंतर. फाल्या घेतंय. हळूहळू त्यांचा आवाज गेला, मग ते नुसता हात हलवू लागले.

गेले त्या दिवशी ते सकाळपासून डोळे उघडत नव्हते. दुपारी श्वास अडखळू लागला, तशी आईने मला तुळशीचं पान आणायला पाठवलं. मी परत आले तर खोलीभर धूर आणि सुक्या मासळीचा वास पसरला होता. आई त्यांच्या उशाशी बसली होती. तिच्या हातात त्या दारूचा चमचा होता.

"घेवा ओ," ती म्हणत होती. "थेंबभर. माका काय जावचा नाय. देवान उजवो दिल्यान ओ."

तिने चमचा त्यांच्या ओठांना लावला. हाकेला ओ न देणाऱ्या त्या माणसाने ओठ घट्ट मिटून घेतले. दारू हनुवटीवरून गळ्यावर ओघळली. आईने पुन्हा लावला. त्यांनी तोंड बाजूला केलं.

तिने माझ्याकडे बघितलं. "ह्येंका म्हायत होता?"

मी होकारार्थी मान हलवली.

आईने पदराने त्यांचा गळा पुसला. मग चमचा धुऊन आणला, त्यात गंगेचं पाणी घेतलं, तुळशीचं पान बुडवलं आणि त्यांच्या ओठांशी नेलं. त्या पाण्याला बाबांनी तोंड उघडलं.