अंग न झाडलेला बोकड

मी शालूबाईंच्या दारातला नवसाचा बोकड बोलतोय. सावकाश बोलतो. घाई माझ्या भोवतीच्या माणसांना आहे, मला नाही.

शिराळ्याच्या अलीकडं आमचं गाव. शालूबाईंचा नातू दादासो तीन वर्षांचा झाला तरी तोंडातून शब्द काढीना. बाप नाथाजी मिलिटरीत, त्याची मनिऑर्डर शालूबाईंच्या हातात. पोरगं बोललं की देवाला बोकड देईन, असा नवस त्यांनी केला आणि माझ्या कानाला नवसाची खूण म्हणून खाच पाडली. तेव्हा मी आईचं दूध पीत होतो.

दादासोची आई अंजना त्याला सांगलीला न्यायची, वाचा शिकवणाऱ्या बाईंकडं. फी भरायला तिनं माहेरची तांब्याची घागर मोडली. बाई पोराला कागदाचे कपटे फुंकायला लावत.

"फुकायचं पैसं घेत्यात व्हय गं?" शालूबाई कडाडायच्या. "चुलीम्होरं बशीव, फुकटात शिकंल! मुकं खानदान तुज्या म्हायारचं, आन् खर्च आमचा?"

घागरीचे पैसे सरले तशी अंजनानं मलाच रमजानभाईंच्या मटणाच्या दुकानी विकायला नेलं. त्यांनी माझा कान चाचपला. "न्हाई वैनी. द्येवाचं जनावर सुरीखाली घेऊ व्हय? गाव माजं दुकान उठवंल."

माघारी आलो. पण बाईंचा एक धडा अंजनानं सोडला नाही: आवडतं ते पोराला लगेच द्यायचं नाही, थांबायचं. ती माझं दावं धरून "ये" म्हणायची आणि थांबायची. एका सकाळी दादासो म्हणाला, "ये!"

मी गेलो. त्यानं माझी दाढी ओढली.

त्या शब्दानं माझं मरण ठरलं.

"पावला द्येव!" शालूबाई म्हणाल्या.

"सांगलीच्या बाई पावल्या," अंजना म्हणाली. "एकच शब्द आलाय आत्याबाई. शिकवणी तुटली तर त्यो बी जाईल. बोकड इका, फी भरा."

"जीभ हासडीन! द्येवाचं खातीस?"

देवळापुढं मला हळदकुंकू लावलं. गुरवानं अंगावर पाणी शिंपडलं. बोकडानं अंग झाडलं तर देवानं घेतला, नाही तर नाही, अशी रीत. पाणी कानात गेलं. कातडी वळवळायला लागली. मरण तर दोन्हीकडं होतं. मी अंजनाकडं बघितलं आणि पाय रोवून उभा राहिलो.

"झाड की रं, मुडद्या!" शालूबाईंनी कळशीच उपडी केली.

मी हललो नाही.

"सोडा आक्का," गुरव म्हणाला. "द्येव घेत न्हाई. मोकळा झाला ह्यो."

"हिनंच करणी केली! दारात नको ह्ये. ने त्या खाटकाकडं!"

या खेपेला रमजानभाईंनी नोटा दिल्या. शालूबाईंनी हात पुढं केला. अंजनानं पदराला गाठ मारली. "द्येवानं सोडल्यालं हाय आत्याबाई. आता ह्ये माज्या लेकराच्या तोंडाचं."

"रांडं, येऊ दे नाथाजीला!"

"येऊ द्या. लेकाचं बोलणं ऐकंल."

मी आता रमजानभाईंच्या दुकानामागं बांधलेला आहे. सुरी घासल्याचा आवाज येतोय. रस्त्यावरून अंजना एसटीला निघालीय, कडेवर दादासो. त्यानं मला बघितलंय. "ये!" म्हणतोय. "ये! ये!"

दावं आखूड आहे.

सांगलीच्या बाई, तुमची फी येतेय. पुढचा शब्द त्याला 'जा' शिकवा. नाही तर पोरगं हाका मारत बसेल.