खारदांड्याची डाक्टरीण

बी. ए.

"बघ याला." रामनाथने धाकट्या भावाचं मनगट सोडलं, आणि हरेश्वर मंजुळाच्या पडवीत तसाच उभा राहिला. नांगरलेल्या होडीसारखा. जागच्या जागी, तरी हलत.

"काय बघू, दादूस?"

"मना काय विचारतंस? डाक्टरीण तू की मी?"

मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या फेरीला, हरेश्वरच्या जोडीचा खलाशी बाळा पाण्यात गेला. जाळ्यात पाय अडकला. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला होतं, दुसरं हरेश्वरच्या हातात. दोर सुटला. बाळा सापडला नाही. तेव्हापासून हरेश्वर झोपत नव्हता. खलाशी म्हणू लागले, बाळा याच्या पाठीवर बसलाय, हा होडीवर असेल तर आम्ही येत नाही. भगत झाला, कोंबडा झाला. शेवटी खलाशांनीच तोड काढली: महादूच्या मंजुळाला दाखवा. ती मनाचं शिकलीय. ती बरा म्हणाली तर बरा.

उद्या नारळी पुनव. रामनाथच्या घराण्याची रीत अशी, की दर्याला नारळ वाहून झाला की होडीचा म्होरक्या तांडेल, सध्या रामनाथच, होडीपाशी उभा राहून एकेका खलाशाचं नाव घेतो. नाव घेतलं तो होडीला हात लावतो. ज्याचं राहिलं तो वर्षभर किनाऱ्यावर. दुसरा कुठला तांडेलही मग त्याला घेत नाही. नावं उद्या. निघायचं परवा पहाटे.

"उद्या सगळ्यांसमोर सांग. हो की नाय. बस."

"सांगेल ना!" आतून महादू ओरडला. मंजुळाचा बाप. "अंधेरीला रोज सायबांची डोकी तपासते माझी पोर."

 

ती अंधेरीला काय तपासत होती, ते असं:

कपडे धुण्याची पावडर निवडताना आपण (अ) वास बघता, (ब) फेस बघता, की (क) शेजारीण काय वापरते ते बघता?

मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेल्या मुलींना बाजार-पाहणीवाली एक कंपनी कामाला ठेवत होती. ऑफिस अंधेरीचं, जिने बोरिवलीचे. सोसायट्यांतून हिंडायचं, बेल दाबायची, जाळीआडून "हमको कुछ नहीं चाहिए" ऐकायचं, तरी हसायचं. दांड्यात पहिल्यांदा कुणी डाक्टरीण म्हणालं तेव्हा ती हसली होती. दुसऱ्यांदा हसली नव्हती. तिसऱ्यांदा तिने ओ दिली.

रामनाथ गेला. हरेश्वर खाली बसला. लहानपणी तो आणि मंजुळा एकाच ताटात जेवलेले.

"झोप का येत नाही रे?"

"बाळा हाक मारतो."

"भीती वाटते?"

"भीती कनाला? दोस्त हाय तो." हरेश्वर कितीतरी दिवसांनी हसला. "रागवत नाय. बोलतो, दोर सोडलास तर सोडलास. आता तू ये. मी बोललो, हंगाम सुरू होऊ दे, येतो."

मंजुळाने आवाज खाली आणला.

"हे कुणाला सांगितलंस?"

"तुला. डाक्टरला सांगायचं असतं ना? आणि डाक्टर कुणाला सांगत नाय." तो उठला. "उद्या हो बोल. बस, एवढंच कर."


एम. ए.

वाण्याच्या दुकानातला फोन. पलीकडे सुलक्षणा, वर्गातली मैत्रीण, मुलुंडच्या एका कारखान्यात नोकरीला. मंजुळाला मध्ये फारसं बोलू न देता:

"हां बोल गं. काय? कोण हाक मारतो? थांब, थांब. मंजू, मी एम. ए. केलं ते कारखान्यांचं. माणसांना ठोकळे मांडायला लावते. घड्याळ धरून बसते. मशीनवर कोण बसेल आणि गेटवर कोण, एवढं सांगते. मला माणूस निवडता येतो, बरा नाही करता येत. नाही गं, एम. ए.ने होत नाही. आजारी माणसांचं वेगळं शिकायला लागतं, एम. ए.च्या वर दोन वर्षं, बंगलोर नाहीतर रांची. आपल्यातलं कोण गेलं? कुणी नाही. तू त्याला असं विचार... नको, यार, काही विचारू नकोस. आपल्या रत्नप्रभाबाईंकडे जा. पीएच. डी. आहेत त्या. आणि मंजू, हो म्हणू नकोस. उद्या काही झालं तर तुझी वाट लागेल. नाही पण म्हणू नकोस, त्याची लागेल. मग काय म्हणायचं? मला काय..."

मागून भोंगा झाला. सुलक्षणाने फोन ठेवला.


पीएच. डी.

अंधेरीला बाईंच्या घरी चहा आला, निवला, साय धरली.

"माझा प्रबंध विसरण्यावर आहे, मंजुळा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "अर्थ नसलेली अक्षरं माणसं पाठ करतात आणि किती वेळात विसरतात, त्यावर. वर्गात मी तुम्हाला सगळे आजार शिकवले. पण बुडालेल्या मित्राची हाक ऐकणारा माणूस माझ्यासमोर आजवर बसलेला नाही."

"मग मी काय शिकले, बाई?"



"घाबरायला शिकलीस. भूत म्हणून घाबरणारे पुष्कळ आहेत तिथे. तो जीव देईल म्हणून तू एकटीच घाबरली आहेस." त्यांनी कप उगाच फिरवला. "पालिकेच्या हॉस्पिटलात मनोविकार विभाग आहे. उद्या सुट्टी. परवा सकाळी घेऊन जा. तोवर एकटं सोडू नका. आणि पाण्यापासून लांब ठेवा."

"दांड्यात पाण्यापासून लांब कुठे असतं, बाई?"


तांडेल

नारळ पाण्यात पडला. वाजंत्री थांबली. लुगडी, दागिने, अबोलीच्या वेण्या, सगळा कोळीवाडा वाळूत उभा. रामनाथ होडीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला. एक नाव, एक हात. दुसरं नाव, दुसरा हात. मंजुळाला प्रत्येक हात लाकडावर पडताना ऐकू येत होता.

मग रामनाथ थांबला. "बोल गं, डाक्टरीण."

हरेश्वर तिच्याकडे पाहत होता. लहान पोर बोट दाखवून फुगा मागतं, तसा.

"मी डाक्टरीण नाही," मंजुळा म्हणाली.

"काय बोलते?"

"मी बोरिवलीला घरोघर जाऊन बायकांना विचारते, कुठली साबणाची पावडर वापरता. डोकी नाही तपासत मी. बी. ए.ला तेवढंच मिळतं."

"आयला, पावडरवाली!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पसरला. महादूने डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. लेकीकडे पाहिलं नाही.

"दादूस, हरेशला खऱ्या डाक्टरकडे न्यायला हवं. उद्याच. होडीवर नेऊ नको त्याला."

"तू डाक्टर नाय." रामनाथ सावकाश बोलला. "म्हणजे तुझ्या होला किंमत नाय."

"नाही."

"मग नायला तरी कनाला असेल?"

 रामनाथच्या चेहऱ्यावर रागाइतकीच सुटका दिसली. भाऊ तो भाऊच. तो खलाशांकडे वळला. "माझी होडी, माझा भाऊ. कोण येणार नाय, आत्ता बोला." सणाच्या दिवशी, तांडेलच्या तोंडावर, कोण बोलणार? "हरेश्वर!"

हरेश्वर पुढे झाला. बाकीच्यांनी एक हात लावला होता. त्याने दोन्ही लावले, आणि कपाळही टेकलं.

मंजुळा गर्दीतून धावली ती हरेश्वरच्या बायकोपाशी. सांगू नको, असं तो स्पष्ट म्हणालाही नव्हता. तो ते धरूनच चालला होता.

"मथुरावहिनी, तो परत यायला जात नाही. बाळा ये म्हणतो. हा म्हणालाय, हंगाम सुरू झाला की येतो. मला काल सांगितलंय त्याने. त्याच्या तोंडाने."

ती एवढ्या मोठ्याने बोलली की उरलासुरला हशा कुठल्या कुठे गेला.

मथुरा वाळूतून चालत होडीपाशी गेली. "खरं हाय?"

हरेश्वरने कपाळ उचललं नाही.

"माझ्याकडे बघून नाय बोल. एकदाच."

त्याने लाकूड आणखी घट्ट धरलं. मथुराने त्याचा एक हात लाकडावरून सोडवला. मग दुसरा. मग आजवर थोरल्या दिरासमोर आवाज न चढवलेली ती बाई रामनाथकडे वळली. "नाव मागे घ्या."

"एकदा घेतलेलं नाव..."

"मागे घ्या. नायतर माझं पण घ्या. मी बसते होडीत त्याच्या बाजूला."

रामनाथने खाली पाहिलं. मग समुद्राकडे. नंतर पुढचं नाव घेतलं, जे हरेश्वरचं नव्हतं.


एम. डी.

हॉस्पिटलचा बाक. बंद दार. बाकावर हरेश्वर मध्ये, एका बाजूला मथुरा, दुसऱ्या बाजूला मंजुळा. मथुराने त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरलेलं. रामनाथची होडी पहाटेच गेली होती.

"तुला सांगितलं ते तू सगळ्यांना सांगितलंस," हरेश्वर म्हणाला.

"हो."

"परत तुला काय सांगणार नाय मी. कधीच नाय."

"नको सांगू. मला नको."

"वर्षभर किनाऱ्यावर बसवलंस."

"हो."

"बाळा रात्री..." तो थांबला. मंजुळाच्या जिभेवर प्रश्न आला होता. तिने तो गिळला. ऐकायची इच्छा इतकी होती की तिने बाकाची कड धरली.

दार उघडलं. नर्सने नाव पुकारलं. हरेश्वर बसूनच राहिला. मथुराने सदरा ओढला, तो हलेना. नर्सने दुसऱ्यांदा पुकारलं, आवाज चढवून.

"जा," मंजुळा म्हणाली. "बाळा काय बोलला ते आत सांग."

"ते ऐकतील?"

"माहीत नाही, हरेश."

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग उठला. मथुरा त्याच्या मागून आत गेली, सदरा न सोडता, आणि मंजुळाही दोन पावलं निघाली.

"आपण कोण?" नर्सने हात आडवा धरला.

"बहीण," मंजुळा म्हणाली, आणि आपणहून बाहेर थांबली.