उरलेलं मेण

“करंगळीत हवा राह्यली वाटतं,” सत्यशीला म्हणाली आणि तिनं मातीचा साचा मांडीवर हलकेच आपटला.

चुलीवर डालड्याच्या डब्यात मेण कढत होतं. दाराशी पुंजाराम अंबाडीचा वाख पायाच्या अंगठ्यात धरून दोर वळत होता. पोळा महिन्याभरावर आला होता आणि हरेगावची मतमाउलीची जत्रा त्याच्या पुढं आठवड्यावर. श्रावणात या नवरा-बायकोला मान वर करायला सवड नसे.

मतमाउलीचा, म्हणजे मारियामातेचा, नवस असा, की ज्याचं जे दुखतं ते मेणाचं करून तिच्या पायाशी ठेवायचं. हात, पाय, डोळा, पाळण्यातलं मूल. वारुळाच्या मातीचे हे साचे सत्यशीलेच्या सासूनं केलेले. जालन्याचे फादर चर्चमधली जळून उरलेली मेणबत्त्यांची थोटकं वर्षभर पोत्यात साठवून ठेवत आणि सत्यशीला ती डोक्यावर घेऊन यायची. नवसाचं मेण विकत घ्यायचं नाही आणि दुसऱ्याच्या हातानं ओतायचं नाही, असा सासूचा दंडक होता. सून तो निमूट पाळत आली होती.

नवस फक्त ख्रिस्ती घरांचे नसत. वरच्या आळीच्या बायका विहिरीवर लांब उभ्या राहून हळूच सांगायच्या, “सत्यशीले, औंदा आमच्या आत्याबाईचा गुडघा ने गं.” गावात तिला कुणाच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकता येत नव्हता, पण गावाची दुखणी मात्र दरसाल तिच्या टोपल्यात बसून हरेगावला जात. एका वर्षी तर कारभारी स्वतः आला. चाळीस एकराचा धनी, पण तोंड पार उतरलेलं. त्याचा ढवळ्या बैल बसला होता, उठतच नव्हता. बैलाचा साचा कुठून आणायचा? सत्यशीलेनं हातानंच वळला. तो दिसायला हुबेहूब शेळीसारखा झाला आणि पुंजाराम हसून हसून बेजार झाला. तरी चौथ्या दिवशी बैल उठला. तेव्हापासून कारभाऱ्याच्या बैलांचे कासरे, म्होरक्या सगळं पुंजारामकडूनच जायचं.

सत्यशीलेला धर्मातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. फादरांच्या प्रवचनात तिला डुलक्या यायच्या. पण हरेगावात रांग एकच असते, एवढं तिला कळत होतं. तिथं पुढं जाऊन आपल्या हातानं माउलीच्या पायाशी वस्तू ठेवायची. वरून टाक, लांबून टाक, असं कुणी म्हणत नाही. वर्षातून एकदा तेवढ्यासाठी ती सहा दिवस पायी जायची.

“पुंजारामभाऊ! पुंजारामभाऊ, निघा!”

संपत धावत आला तो म्हाताऱ्या आईला पाठुंगळी घेऊन. संपतचं घर शेजारच्या बौद्ध वस्तीत. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाल्यापासून आठ दिवस सगळा मराठवाडा पेटला होता. जवळच्या टेंभुर्णीच्या बाजारात लोक कुजबुजत, पण आपल्या गावात काही होणार नाही, असं जो तो म्हणत होता. प्रत्येक गाव तसंच म्हणतं.

“खालची घरं पेटवली,” संपतला धाप लागली होती. “पोरंबाळं वढ्यापल्याड टाकून येतो. तवर मायला इथं ठेवू द्या. तुमाला न्हाई हात लावायचे ते. तुमचा काय संबंध?”

“ठेव की,” पुंजाराम म्हणाला.

गिरिजाबाईला त्यांनी आत वाखाच्या भाऱ्यामागं बसवलं. म्हातारीचे डोळे गेलेले होते, पण धूर तिला कळत होता. संपत ओढ्याकडं पळाला.

“आपणबी निघू,” सत्यशीला म्हणाली.

“कायला? कारभाऱ्याच्या बैलाच्या गळ्यात माझा दोर हाय. आपल्याला बिलकुल काय करायचे न्हाईत.”

भाबडा माणूस. वळलेला नवाकोरा कासरा त्यानं दोन्ही हातांत घेतला, ओळख दाखवायला घ्यावा तसा, आणि तो दारात जाऊन उभा राहिला.

ते तीस-चाळीस जण होते. काठ्या, कुऱ्हाडी, रॉकेलचे डबे. निम्म्यांच्या घरची दुखणी सत्यशीलेनं हरेगावला नेलेली होती. गरज सरो नि वैद्य मरो, दुसरं काय! पुढं कारभारी होता. त्याच्या धोतरावर रक्ताचे शिंतोडे होते आणि ते त्याचे नव्हते.

“पुंज्या, संप्याची म्हातारी आत हाय. बाजूला हो.”

“आत माझी बायको हाय, कारभारी. अन् चूल हाय. बघा, तुमचाच कासरा वळून राह्यलो.”

“बाजूला हो म्हणतो ना!”

“सगळे एकाच माळेचे मणी!” मागून कुणीतरी ओरडलं. “टाका रॉकेल!”

पुंजाराम हलला नाही. त्यानं कासरा खांद्यावर टाकला आणि उजव्या हातानं चौकट घट्ट धरली, जनावर गोठ्याबाहेर पळू नये म्हणून धरतात तशी. कुऱ्हाड वर गेली. कारभाऱ्याला चौकट तोडायची होती की हात, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. घाव मनगटावर बसला आणि पातं लाकडात रुतलं. पुंजाराम खाली बसला. पंजा कातड्याच्या एका पट्टीनं लोंबत होता आणि बोटं अजून हलत होती.

सत्यशीलेनं ती बोटं पाहिली. मग तिनं चुलीवरचा डबा उघड्या हातांनी उचलला आणि त्यातलं कढतं मेण कारभाऱ्याच्या तोंडावर फेकलं.

असा आवाज तिनं यापूर्वी डुकराचाच ऐकला होता. कारभारी दोन्ही हातांनी तोंड ओरबाडत लोळू लागला. मेण चेहऱ्यावर, गळ्यावर, सदऱ्यावर पांढरं होत चाललं. जमाव दोन पावलं मागं सरला. त्या किंकाळीचं सत्यशीलेला वाईट वाटलं नाही. डबा आधीच उचलला नाही, याचं मात्र वाईट वाटलं.

नवऱ्याच्या खांद्यावरचा कासरा ओढून तिनं त्याच्या कोपराखाली करकचून आवळला. मागची तुराट्यांची भिंत लाथांनी फोडली, गिरिजाबाईला काखेत मारलं, नवऱ्याला पुढं ढकललं आणि ज्वारीच्या उभ्या पिकात ती शिरली. मागं तिचं घर पेटलं. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात. इथं कोण सुकं नि कोण ओलं, हे बघायला कुणी थांबलंच नव्हतं.

गिरिजाबाईला ओढ्यापल्याड संपतच्या हवाली करून तिनं नवऱ्याला जालन्याला नेलं. दवाखान्यात डॉक्टरांनी उरलेली कातडी कापून मनगट शिवलं, तिच्या पोळलेल्या तळहातांना मलम लावलं. “ही दोरी बांधली नसती, तर माणूस गेला असता,” ते म्हणाले. कासरा त्यांनी कचऱ्याच्या बादलीत टाकला.

कारभाऱ्याचा डावा डोळा गेल्याचं कळलं. पोलीस आले, त्यांनी विचारपूस केली. वरच्या आळीनं सांगितलं की कारभारी दिव्यावर पडला. बाईमाणसाच्या हातून डोळा गेला, हे कुठल्या तोंडानं सांगणार? संपतनं आईकडून कळलं ते खरं सांगितलं, पण त्याच्या जबानीचं पुढं काय झालं ते कुणाला कळलं नाही. पुढं पोळाही आला नि गेला. कारभाऱ्याचे बैल त्या वर्षी जुन्याच दोरांवर मिरवले.

चौथ्या आठवड्यात दोघं परत आली तेव्हा घराच्या जागी राख होती. थोटकांचं पोतं वितळून, जळून गेलं होतं. राख उपसताना साचे मात्र सापडले. इतकी वर्षं कच्चे होते, आता आगीत भाजून पक्के झाले होते. सत्यशीलेनं हाताचा साचा पदरानं पुसला आणि ती पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

“हरेगावला जाते,” ती म्हणाली. “तुमचा हात माउलीम्होरं ठेवून येते.”

“मेण कुठाय?”

मेण नव्हतंच. फादरांकडची थोटकंही वर्षाची तिनंच आणून संपवली होती. जत्रा दहा दिवसांवर आली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती विहिरीवर एकटी होती. कारभाऱ्याची बायको द्वारकाबाई समोर येऊन उभी राहिली. नेहमीसारखी लांब नाही, हातभर अंतरावर. तिनं पदराखालून एक गाठोडं काढून काठावर ठेवलं.

“काय हाय ते?”

“तुझंच मेण हाय,” द्वारकाबाई म्हणाली. “त्यांच्या सदऱ्यावरलं, धोतरावरलं. तोंडावरलं दवाखान्यात उचकटून काढलं, तेबी पुडीत बांधून आणलं. नवसाचं मेण. उकिरड्यावर टाकायला मन झालं न्हाई.”

“मंग?”

“त्यांचा डोळा ने, सत्यशीले. उजवाबी पाझरून राह्यला. डॉक्टर म्हणतो, तोबी जाईल.”

सत्यशीलेच्या अंगाचा तिळपापड झाला. “जाऊ दे! चाचपडत फिरू दे त्याला. माझ्या नवऱ्याला एका हातानं धोतर नेसता येत न्हाई, ठाऊक हाय का तुला? घास मी भरवते.”

“तू बैल नेलाच की आमचा.”

“बैलानं कुऱ्हाड उचलली न्हवती.”

द्वारकाबाईच्याही गालावर जुने, पिवळे पडलेले बोटांचे वळ होते. डोळा गेलेला माणूस घरात कुणावर राग काढतो, ते सांगावं लागत नाही. गाठोडं तिथंच ठेवून ती निघून गेली. सत्यशीलेनं ते विहिरीत टाकायला उचललं. वजन हाताला कळलं. एक हात ओतण्यापुरतं मेण होतं.

संध्याकाळी तिनं तीन दगडांवर डबा ठेवला. मेण वितळलं तसं त्यात सदऱ्याचे धागे वर आले, काळे कण आले आणि भुवईचे केस आले. तिनं ते फडक्यातून गाळलं. तोंडानं कारभाऱ्याला शिव्या चालू होत्या, ज्या माउलीच्या कानावर जाऊ नयेत अशा. पुंजाराम थोटा हात मांडीवर घेऊन बघत होता.

हात चांगला उतरला. पाचही बोटं भरली, करंगळीत हवा राहिली नाही. डब्याच्या तळाशी थोडं मेण उरलं.

पुंजारामनं डाव्या हातानं डोळ्याचा साचा तिच्यासमोर सरकवला.

“वत.”

“न्हाई.”

“वत म्हणतो.”

“तुम्ही देव झालात का? तुमचा हात तोडला त्यानं!”

“मला ठाऊक हाय कुणाचा तोडला. मला बी वाटतं त्याचा गळा आवळावा. एका हातानं आवळता येत न्हाई, म्हणून बसलोय.” त्यानं साचा अजून पुढं रेटला. “पण तू आजवर कुणाचं दुखणं मागं ठेवून गेल्ती का? मायनं साचे दिले तवा काय बोलली ती? मागंल त्याचं न्यायचं. आता तू निवडून नेणार. मंग माझा हातबी नको नेऊ. राहू दे इथंच.”

डब्यातलं मेण कडेनं पांढरं होऊ लागलं. मग तिनं ते पुन्हा तापवलं, कारभाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ओतलं. डोळा साच्यातून निघाला तेव्हा त्यात भुवईचा एक केस अडकलेला होता. तो काही तिनं काढला नाही.

सहा दिवस ती जालन्याच्या लोकांबरोबर चालली. बाया गाणी म्हणत होत्या. ती म्हणत नव्हती. टोपल्यात फडक्यात गुंडाळलेला हात होता. डोळा तिनं कमरेला खोचला होता, कुणी बघून विचारू नये म्हणून. माउलीपुढं काय बोलायचं तेही तिनं कायगावचा गोदावरीचा पूल ओलांडताना ठरवून टाकलं होतं. डोळा ठेवायचा आणि म्हणायचं, माये, आणलाय खरा, पण दुसराबी घे त्याचा. डोळा नेण्याचं वचन होतं. मागायचं काय, ते तिच्या हातात होतं.

हरेगावात ही गर्दी! ऊन, घाम, मेणबत्त्यांचा वास, रेटारेटी. रांगेत शिरताना तिनं डोळा कमरेचा काढून मुठीत दाबून धरला. तीन तास रांग पुढं सरकत राहिली.

वेदीजवळ एक तरुण स्वयंसेवक वही घेऊन बसला होता. मिस्सेच्या वेळी ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची, त्यांची नावं तो लिहून घेत होता.

“हात कुणाचा, मावशी?”

“नवऱ्याचा. पुंजाराम.”

“काय झालं हाताला?”

“तोडला.”

त्यानं दचकून वर पाहिलं, मग लिहिलं. “आणि मुठीत?”

सत्यशीलेनं मूठ उघडली नाही. मागच्या बाया ढकलत होत्या. माउली समोर होती, सगळ्यांकडं बघते तशीच तिच्याकडंही बघत होती.

“डोळा हाय,” ती म्हणाली. “लिहा, कारभारी.”

“घरातले का?”

“न्हाई. गावातले.”

“ख्रिस्ती आहेत?”

“न्हाई.”

“डोळ्याला काय झालं?”

“मी जाळला.”

त्याचं पेन थांबलं. त्यानं तिच्या तोंडाकडं पाहिलं. नुसतं नाव लिहून घेतलं.

ती पुढं गेली. हात फडक्यातून काढून तिनं माउलीच्या पायाशी ठेवला, बोटं वर करून. मग मूठ उघडली. पुलावर ठरवलेलं वाक्य ओठाशी आलं होतं. पण उन्हानं आणि घामानं मेण मऊ पडून तळहाताला चिकटलं होतं. डोळा सुटेना. नखानं कड उचलत, डोळा फाटणार नाही अशा बेतानं, ती तो हळूहळू सोडवू लागली. मागून कुणीतरी “चला बाई, चला” म्हणत होतं. सोडवता सोडवता वाक्य राहूनच गेलं.

शेवटी डोळा सुटला. तो चपटा झाला होता आणि बुबुळ जिथं असायला हवं तिथं तिच्या तळहाताच्या रेघा उमटल्या होत्या. तिनं तो पुंजारामच्या हाताशेजारी ठेवला, हात पदराला पुसला आणि रांगेतून बाहेर पडली.