पाठीवरचं नाणं

आमच्या त्रोवुलान गावात विटांसाठी माती खणली की बुडालेल्या मजापहित साम्राज्याचं काहीतरी हाती लागतंच. आजेसासूबाईंना मिळालेलं असंच एक भोकाचं नाणं आता सासूबाईंकडे होतं. ते न्यायला संग्रहालयाचे विर्योसाहेब आले, तेही सर्दीनं बेजार.

“आधी सदरा काढा,” सासूबाईंनी फर्मावलं. पाठीला तेल चोळून त्याच नाण्यानं त्यांनी लाल पट्टे उठेपर्यंत खरवडलं. आमच्याकडे सर्दीवर हाच इलाज.

“मावशी, सातशे वर्षांचं नाणं आहे, झिजेल ना,” साहेब कण्हले.

“राजाला काय सर्दी होत नव्हती? गप पडा.”

साहेब सासुरवाडीला आल्यासारखे घोरले. उठले तेव्हा नाक मोकळं होतं. सासूबाईंनी नाणं पुसून पुढे केलं.

“राहू द्या,” सदऱ्याची बटणं लावत ते म्हणाले, “काचेच्या पेटीत त्याला पाठ कुणाची मिळणार?”